वाइनच्या पिंपात मुरलेली स्कॉच

स्कॉटलंडच्या गार, ओल्या हवेला जव मानवतो, ओट मानवतं. द्राक्षवेल मानवत नाही. तरीही तिथल्या सिंगल माल्ट व्हिस्कीत रसिकांना मनुका, अंजीर, संत्र्याची साल, अक्रोड अशा ज्या चवी सापडतात, त्यातल्या बऱ्याचशा स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स आणि इटलीच्या द्राक्षमळ्यांनी दिलेल्या आहेत. त्या स्कॉटलंडात आल्या रिकाम्या पिंपांतून.

दुकानाच्या फळीवर आज सोटर्नच्या पिंपातली, आमारोनेच्या पिंपातली, हंगेरीच्या तोकायच्या पिंपातली स्कॉच मांडलेली दिसते. ही नावं पाहून अनेकांना वाटतं, की विक्री वाढवण्यासाठी काढलेली ही नवी टूम असावी. इतिहास तसं सांगत नाही. वाइनचं पिंप स्कॉचच्या संसारात सुरुवातीपासून आहे. बदललं आहे ते पिंप आणि व्हिस्की यांचं नातं. पूर्वी पिंप हाताशी होतं म्हणून व्हिस्की त्यात पडली. आता हव्या त्या चवीसाठी पिंप शोधून आणलं जातं. या बदलाला साधारण दीडशे वर्षं लागली, आणि व्यापार, कायदे, युद्धं आणि काही हट्टी माणसं या सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

गोष्ट सुरू होते लीथमध्ये. एडिंबरा शहराचं हे बंदर. स्कॉटलंड आणि फ्रान्स यांनी १२९५ मध्ये इंग्लंडविरुद्ध तह केला आणि पुढची काही शतकं बोर्दोची लाल वाइन, म्हणजे क्लॅरेट, लीथच्या धक्क्यावर उतरत राहिली. बंदराजवळच ‘द व्हॉल्ट्स’ नावाची जुनी दगडी वास्तू आहे. तिच्या तळघरांत पिढ्यान्‌पिढ्या वाइनची पिंपं रचली जात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटीनं आपलं बस्तान याच वास्तूत बसवलं. वाइनचं कोठार व्हिस्कीचं घर झालं, यात स्कॉटलंडच्या मद्यव्यापाराचा सगळा प्रवास आहे.

पुढे राजकारणानं वाइनचे प्रवाह वळवले. १७०३ च्या मेथ्युएन करारानं पोर्तुगालच्या वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा कमी झाली आणि ब्रिटनमध्ये पोर्टचा खप वाढला. दक्षिण स्पेनमधल्या हेरेसची शेरी तर त्याआधीपासून ब्रिटिशांच्या जिभेवर रुळली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या मध्यमवर्गीय घरांत शेरीचा पेला पाहुण्यांसमोर ठेवणं हा रिवाज झाला. ही सगळी वाइन बाटल्यांतून येत नसे. ती ओकच्या पिंपांत भरून जहाजानं येई आणि ब्रिटनमध्ये बाटल्यांत उतरवली जाई. शेरीचं एक मोठं पिंप, ज्याला बट म्हणतात, साधारण ५०० लिटरचं असे. ते रिकामं झाल्यावर परत स्पेनला धाडण्याचा खर्च परवडत नसे. ओकचं पक्कं लाकूड आणि कुशल कारागिराचं काम असलेलं हे भांडं फेकून देणंही शक्य नव्हतं. मग ते किराणा व्यापाऱ्यांकडे आणि व्हिस्कीच्या भट्ट्यांकडे जाई.

या किराणा व्यापाऱ्यांचं महत्त्व मोठं आहे. जॉन वॉकरनं १८२० मध्ये किलमारनॉक गावात वाणसामानाचं दुकान थाटलं. ॲबर्डीनच्या शिवास बंधूंचा व्यवसायही किराणा मालाचा. अशा दुकानांतून चहा, मसाले, वाइन आणि व्हिस्की एकाच छपराखाली विकली जात. वाइनचं पिंप रिकामं होऊन त्यात भट्टीवरून आणलेली कच्ची व्हिस्की भरणं ही दुकानदाराची साधी काटकसर होती. काही महिन्यांनी तीच व्हिस्की रंगानं सोनेरी आणि चवीला मऊ झाली, की गिऱ्हाईक पुन्हा मागायला येई.

लाकडात ठेवल्यानं व्हिस्की सुधारते, हे त्या काळी जाणकारांना ठाऊक होतं. राजा चौथा जॉर्ज १८२२ मध्ये एडिंबरा भेटीवर आला, तेव्हा त्यानं ग्लेनलिव्हेटची व्हिस्की मागितल्याची आठवण रोथीमर्कसच्या एलिझाबेथ ग्रँट या बाईंनी लिहून ठेवली आहे. त्यांच्या वडिलांच्या घरातून जी व्हिस्की राजासाठी गेली, ती दीर्घकाळ लाकडात राहिलेली आणि म्हणून सौम्य झालेली होती. ती चोरट्या भट्टीची होती, हेही त्यांनी लपवलेलं नाही. पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, नवा अबकारी कायदा आला, परवाना घेऊन भट्टी चालवणं परवडू लागलं आणि १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनं तसा परवाना घेतला. चोरून गाळलेली दारू लवकरात लवकर विकून टाकावी लागते. परवान्याची दारू कोठारात निवांत ठेवता येते. पिंपात मुरवण्याची पद्धत वाढायला हा कायदा असा उपयोगी पडला.

१८६० नंतर वेगवेगळ्या व्हिस्क्यांचं मिश्रण करण्याचा धंदा फोफावला आणि पिंपांची मागणी एकदम वाढली. त्याच सुमारास फिलॉक्सेरा या किडीनं फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, ब्रँडी दुर्मीळ झाली आणि ब्रिटिश माणूस व्हिस्कीकडे वळला. ग्लासगोचा व्यापारी डब्ल्यू. पी. लोरी याला एका महत्त्वाच्या कल्पनेचं श्रेय दिलं जातं. आपोआप रिकामी होणारी शेरीची पिंपं पुरत नसतील, तर पिंपं मुद्दाम वाइननं भिजवून तयार करावीत, ही ती कल्पना. पिंप हा वाइनच्या व्यापारातला उरलेला माल राहिला नाही. ते व्हिस्कीसाठी घडवलेलं साधन झालं. आजच्या सगळ्या नव्या प्रयोगांचं मूळ या निर्णयात आहे.

मुरवण्याला कायद्याचं बळ मिळालं ते पहिल्या महायुद्धात. कामगारांच्या दारूपायी युद्धसामग्रीचं उत्पादन अडतं, अशी ब्रिटिश मंत्री लॉइड जॉर्ज यांची तक्रार होती. त्यातून १९१५ चा कायदा आला. व्हिस्की आधी किमान दोन आणि मग तीन वर्षं पिंपात राहिलीच पाहिजे, असं ठरलं. तीन वर्षांची ही अट आजही कायम आहे. पिंप ओकचंच हवं आणि ७०० लिटरपेक्षा मोठं नको, हेही आज कायद्यात लिहिलेलं आहे.

पिंपाच्या आत नेमकं काय घडतं? भट्टीतून निघालेला मद्यार्क पाण्यासारखा रंगहीन असतो. तो साधारण ६३.५ टक्के तीव्रतेला आणून पिंपात भरतात. ओकच्या लाकडातून त्यात व्हॅनिलासारखा गंध, नारळाचा वास देणारी द्रव्यं आणि टॅनिन उतरतं. लाकडाच्या बारीक छिद्रांतून हवा आत येते आणि तिखटपणा कमी होतो. स्कॉटलंडच्या थंडीत दरवर्षी सुमारे दोन टक्के व्हिस्की हवेत उडून जाते. पिंपात आधी वाइन असेल, तर आणखी एक गोष्ट घडते. वाइन लाकडात काही मिलिमीटर खोल मुरलेली असते. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी तिचा वास जात नाही, तसंच हे लाकूड. व्हिस्कीचा तीव्र मद्यार्क ती जिरलेली वाइन हळूहळू बाहेर ओढतो आणि तिचा रंग, फळांचा गंध, आंबटगोड चव आपल्यात घेतो.

विसाव्या शतकात हा पुरवठा दोनदा हलला. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली आणि त्यानंतरच्या नियमांनी बर्बन व्हिस्कीसाठी दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप सक्तीचं केलं. एकदा वापरलेली अमेरिकन पिंपं ढिगानं आणि स्वस्तात मिळू लागली. स्पेनमध्ये मात्र १९३६ ते १९३९ या काळात यादवी युद्ध पेटलं होतं आणि तिथून शेरीची पिंपं मिळणं अवघड झालं होतं. स्कॉटलंडनं बर्बनची पिंपं स्वीकारली आणि आज तिथल्या कोठारांत बहुसंख्या त्यांचीच आहे. दुसरा धक्का १९८० च्या दशकात बसला. शेरी पिंपांतून परदेशी पाठवणं बंद होऊन ती स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली. जहाजातून येणारं शेरीचं पिंप संपलं.

दरम्यान एक आडवाटही चालून झाली होती. जुन्या, दमलेल्या पिंपांत पॅक्सारेट नावाचा शेरी आणि आटवलेल्या द्राक्षरसाचा दाट पाक दाबानं मुरवून त्यांना पुन्हा गोडी आणली जाई. १९९० च्या सुमारास नियम कडक झाले आणि ही पद्धत बंद पडली. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी हेरेसमध्येच नवी पिंपं बनवून घ्यायला आणि वर्ष-दोन वर्षं शेरीनं भिजवून घ्यायला सुरुवात केली. लोरीची कल्पना शंभर वर्षांनी मुख्य रस्ता झाली. आज ‘शेरी कास्क’ म्हणून जे पिंप मिळतं, ते बहुधा व्हिस्कीसाठीच शेरीनं भिजवलेलं असतं.

आता वळण येतं ते फिनिशचं. आधी बर्बनच्या पिंपात दहा-बारा वर्षं, मग शेवटचे काही महिने किंवा काही वर्षं वाइनच्या पिंपात, अशी ही दोन टप्प्यांची पद्धत. डेव्हिड स्ट्यूअर्ट यांनी १९६२ मध्ये विल्यम ग्रँट अँड सन्समध्ये साठ्याचा हिशेब ठेवणारा कारकून म्हणून नोकरी धरली आणि १९७४ मध्ये ते तिथले माल्ट मास्टर झाले. कंपनीची बाल्वेनी ही सिंगल माल्ट बर्बनच्या पिंपातून शेरीच्या पिंपात हलवून पाहावी, हा त्यांचा प्रयोग. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातून बाल्वेनी क्लासिक आली आणि १९९३ मध्ये डबलवुड. पिंप बदलल्यावर नऊ महिन्यांत व्हिस्कीत काय फरक पडतो, हे डबलवुडनं सामान्य गिऱ्हाइकाला दाखवून दिलं. स्ट्यूअर्ट यांना २०१६ मध्ये ब्रिटनचा एमबीई हा राजसन्मान मिळाला.

उत्तरेला टेन गावाजवळ ग्लेनमोरेंजी ही डिस्टिलरी आहे. १८४३ मध्ये विल्यम मॅथेसन यांनी ती सुरू केली. तिची तांब्याची पात्रं स्कॉटलंडमध्ये सर्वांत उंच म्हणून प्रसिद्ध आहेत. वाफ इतकी उंच चढायची म्हणजे जड घटक मागे राहतात आणि मद्यार्क हलका, फुलांच्या गंधाचा निघतो. अशा मद्यार्कावर पिंपाची छाप स्पष्ट उमटते. १९६३ साली गाळलेली आणि शेवटी ओलोरोसो शेरीच्या पिंपात ठेवलेली व्हिस्की त्यांनी १९८७ मध्ये बाजारात आणली. फिनिशच्या इतिहासात बाल्वेनीइतकाच मान तिला दिला जातो. १९९४ मध्ये पोर्टच्या पिंपातली बाटली आली, त्याच दशकात ऱ्होन खोऱ्यातल्या एर्मिताज वाइनच्या पिंपांतलीही.

१९९५ मध्ये डॉ. बिल लम्सडेन तिथे आले. जैवशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या या माणसानं पिंपांचा अभ्यास हा आयुष्याचा विषय केला. बोर्दोजवळच्या सोटर्न गावची गोड, सोनेरी वाइन खास बुरशी चढलेल्या द्राक्षांपासून करतात. तिच्या पिंपात मुरलेली नेक्टार डोर २००७ मध्ये आली. २०१२ च्या आर्टीनसाठी लम्सडेन यांनी तस्कनीच्या समुद्रकाठच्या बोल्गेरी भागातल्या सासिकाया या प्रख्यात लाल वाइनची पिंपं मिळवली. कोरडी, टॅनिननं भरलेली लाल वाइन आणि हलका हायलँड मद्यार्क ही जोडी जमवणं अवघड. ती जमली, कारण पिंपं निवडक होती आणि चव सतत तपासली जात होती.

लम्सडेन यांच्या २०१७ च्या बॅकाल्टाचा धागा तर मुंबईपर्यंत येतो. त्या व्हिस्कीसाठी पिंपं बनवून घेतली, ती माल्मसी जातीच्या मडेरा वाइननं भरली आणि मडेरा बेटाच्या उन्हात दोन वर्षं ठेवली. ऊन खाऊन मडेरा सुधारते, हे ज्ञान आलं जहाजांच्या प्रवासातून. अठराव्या शतकात मडेराची पिंपं ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढत आणि उष्ण कटिबंध ओलांडून भारतात पोचत. मुंबई, मद्रास, कलकत्त्यातल्या इंग्रजांच्या मेजावर ती वाइन असे. जी पिंपं प्रवास करून युरोपात परतत, त्यांतली वाइन अधिक रुचकर लागते असं दिसून आलं आणि तिला जास्त भाव मिळू लागला. पुढे तीच उष्णता बेटावरच द्यायची पद्धत पडली.

आयला बेटावरच्या ब्रुईकलाडीनं वाइनच्या पिंपांशी सर्वांत धीट व्यवहार केला. १९९० च्या दशकात बंद पडलेली ही डिस्टिलरी २००१ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिला उभी करणाऱ्यांत मार्क रेनिए हे लंडनचे वाइन व्यापारी होते आणि जिम मॅक्युअन हे आयलाचेच भूमिपुत्र होते. मॅक्युअन यांनी १९६३ मध्ये बोमोर इथे पिंपं बनवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी केली होती. एकाला फ्रान्सचे द्राक्षमळेवाले ओळखत होते, दुसऱ्याला लाकूड कळत होतं. बोर्दोच्या अव्वल घराण्यांची पिंपं त्यांच्या कोठारात आली आणि एकामागोमाग एक बाटल्या निघू लागल्या. प्रयोग इतके झाले, की काही चाहते गोंधळले आणि काही समीक्षकांनी वाइनचा अतिरेक होतो अशी टीका केली. ती टीका काही बाटल्यांच्या बाबतीत खरी होती. पण मरणपंथाला लागलेल्या डिस्टिलरीनं या धाडसावर पुन्हा उभारी धरली आणि २०१२ मध्ये रेमी क्वॉंत्रोनं ती विकत घेतली, हेही तितकंच खरं आहे.

साध्या वाइनचं पिंप सांभाळणं शेरीच्या पिंपापेक्षा कठीण असतं. शेरी, पोर्ट आणि मडेरा यांत मद्यार्क वाढवलेला असतो, त्यामुळे त्यांची पिंपं टिकतात. बारा-चौदा टक्क्यांच्या लाल वाइनचं पिंप रिकामं राहिलं तर त्यात व्हिनेगर करणारे जिवाणू वाढतात. ते रोखायला पिंपात गंधकाची कांडी जाळतात. गंधक जास्त झालं, तर व्हिस्कीला विझलेल्या काडीचा वास लागतो. म्हणून पिंप रिकामं होताच ते हलवावं लागतं, प्रत्येक पिंप नाकानं तपासावं लागतं. लाल वाइनचं टॅनिन जिभेला कोरड पाडतं, त्यामुळे दोन-चार महिन्यांचा उशीरही बाटलीचा तोल बिघडवू शकतो. ॲरन बेटावरची, १९९५ मध्ये सुरू झालेली डिस्टिलरी आमारोनेच्या पिंपांचा वापर करते. इटलीतल्या वाल्पोलिचेल्ला भागात द्राक्षं काही महिने सुकवून, जवळजवळ बेदाणे होईपर्यंत ठेवून ही वाइन करतात. तिच्या पिंपातली ॲरन तांबूस गुलाबी दिसते आणि चेरीसारखी लागते. हा रंग पिंपाचा आहे. स्कॉचमध्ये पाणी आणि साधं कॅरमेल यांखेरीज काहीही घालायला कायद्यानं मनाई आहे.

कायद्याची ही रेषा वादाशिवाय ठरलेली नाही. कंपास बॉक्स या व्हिस्की कंपनीच्या जॉन ग्लेझर यांनी २००५ मध्ये पिंपाच्या आत जादा फ्रेंच ओकच्या पट्ट्या बसवून स्पाइस ट्री ही व्हिस्की काढली. स्कॉच व्हिस्की असोसिएशननं ती परंपरेबाहेरची ठरवली आणि उत्पादन थांबवावं लागलं. २००९ मध्ये पट्ट्यांऐवजी पिंपाची झाकणं नव्या ओकची करून ती परत आली. वाइनच्या पिंपांना असा अडथळा आला नाही, कारण त्यांच्या जुन्या वापराचे पुरावे भरपूर होते. लीथच्या धक्क्यावरची ती रिकामी पिंपं दोनशे वर्षांनी अशी उपयोगी पडली. २०१९ मध्ये नियम आणखी सैल झाले आणि टकीलासारख्या इतर मद्यांची पिंपंही चालू लागली. चेरी, जर्दाळू अशा आठळीच्या फळांच्या मद्याचं पिंप मात्र अजून वर्ज्य आहे.

स्कॉटलंडमधलं हे ज्ञान बाहेरही गेलं. डॉ. जिम स्वान या स्कॉटिश तज्ज्ञानं लाल वाइनची जुनी पिंपं आतून तासून, शेकून आणि पुन्हा जाळून वापरायची पद्धत रूढ केली. तासल्यानं आंबूस थर जातो, शेकल्यानं लाकडातली गोडी वर येते. तैवानच्या कावालाननं अशा पिंपांत मुरवलेली सोलिस्ट विन्यो बारीक २०१५ च्या वर्ल्ड व्हिस्कीज ॲवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट ठरली. भारतातही गोव्याच्या कुंकळ्ळीत तयार होणाऱ्या पॉल जॉनच्या काही बाटल्या शेरीच्या पिंपांत मुरतात, हरियाणाच्या इंद्री-त्रिणीत फ्रेंच वाइनच्या पिंपांचा वाटा असतो आणि रामपूर आसवासाठी भारतीय कॅबरने सोविन्यों वाइनची पिंपं वापरतात. आपल्या उष्णतेत मद्यार्क लाकडातून वेगानं चव ओढतो आणि वेगानं उडूनही जातो, त्यामुळे इथल्या कारागिराला स्कॉटलंडपेक्षा फार कमी अवधीत निर्णय घ्यावा लागतो.

इतका सगळा इतिहास पाहिल्यावर वाइनच्या पिंपाला उपरं म्हणता येत नाही. तक्रार करायचीच तर ती प्रमाणाबद्दल करावी. ज्या व्हिस्कीत मूळ जवाची चव आणि डिस्टिलरीची ओळख वाइनखाली दबते, ती फसलेली व्हिस्की, मग पिंप कितीही नामांकित घराण्याचं असो. आर्टीन किंवा डबलवुड आवडते, कारण त्यांत ग्लेनमोरेंजी आणि बाल्वेनी ओळखू येतात. महाग पिंपाचं नाव मोठ्या अक्षरांत छापून आतली तरुण, कमकस व्हिस्की खपवण्याचा मोह या धंद्यात आहे आणि त्यावर गिऱ्हाइकाची नजर हाच उपाय आहे. म्हणून बाटली निवडताना लेबल नीट वाचावं: व्हिस्की सगळा काळ वाइनच्या पिंपात होती की फक्त शेवटी, शेवटी असेल तर किती महिने, आणि तिचं एकूण वय काय. हे लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारावं. शक्य असेल तर त्याच डिस्टिलरीची साधी, बर्बनच्या पिंपातली बाटली आधी चाखावी आणि मग वाइनच्या पिंपातली. दोन्ही शेजारी ठेवल्या, की त्या पिंपानं व्हिस्कीला काय दिलं, हे कुणाच्या शिफारशीशिवाय कळतं.